शंभर नावांचा कागद

पालकहो,

जूनच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याहून एक जोडपं भेटायला आलं. माझ्या मावसबहिणीचे शेजारी. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आई घरी शिकवण्या घेते. हातात कंदी पेढे आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मुलाचं नेमणूकपत्र. मुलगा पुण्यात एमबीए झालेला, मुंबईच्या एका कंपनीत ‘प्रायव्हेट वेल्थ’ विभागात नोकरी लागली होती, होकार कळवायला दहा दिवस होते. वडिलांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं नि म्हणाले, “ताई, पगार चांगला दिसतोय. पण काम काय आहे ते कुणी धड सांगत नाही. कुणी म्हणतं विमा विकायचा, कुणी म्हणतं शेअरबाजार. हा म्हणतो, श्रीमंतांच्या पैशाची काळजी घ्यायची.” आई इतका वेळ गप्प होती. तिने एवढंच विचारलं, “यात खोटं बोलावं लागतं का हो?”

या व्यवसायात मला बावीस वर्षं झाली. मुलांना या वाटेला पाठवावं का, असं विचारायला पुष्कळ पालक येतात. ते पगार विचारतात, परीक्षा विचारतात, कंपनी कशी आहे ते विचारतात. त्या माउलीने जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याशी दोन तास जे बोलले, तेच आज तुमच्याशी बोलते.

आधी काम काय ते सांगते. ज्या कुटुंबाकडे काही कोटींची मालमत्ता आहे, त्याच्या पैशाचा सगळा संसार एका माणसाने बघायचा. ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, जमीनजुमला, विमा, कर, मृत्युपत्र, परदेशातल्या मुलांचे हिस्से, सगळं. शिवाय मोठ्या रकमेच्या योजना वेगळ्या असतात. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे पीएमएसमध्ये, म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवेत, किमान ५० लाख रुपये घालावे लागतात, आणि एआयएफ म्हणतात त्या पर्यायी निधीत किमान १ कोटी. हे सगळं ज्याच्या हातून जातं त्याला बँका आणि कंपन्या रिलेशनशिप मॅनेजर म्हणतात, बोलताना ‘आरएम’. तुमचा मुलगा सुरुवातीला बहुधा अशाच एखाद्या आरएमच्या हाताखाली बसेल.

कागदावर हे आकड्यांचं काम वाटतं. प्रत्यक्षात ते कसं असतं, त्याचा एक प्रसंग सांगते.

नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका गृहस्थांचा छोटा कारखाना होता. ते अचानक गेले. तीन महिन्यांनी त्यांच्या पत्नीने मला घरी बोलावलं आणि जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणून ठेवला. “यांनी सगळं यात ठेवलंय,” म्हणाल्या. आत नव्वदच्या दशकातली कागदी शेअर सर्टिफिकेटं होती. कशावर आद्याक्षरं, कशावर पूर्ण नाव, एकावर तर आडनावच चुकलेलं. मुदत संपून गेलेल्या ठेवींच्या पावत्या, पोस्टाची दोन पासबुकं, विम्याच्या पॉलिसी. आणि वहीच्या पानाची एक चिठ्ठी, त्यावर मित्राला दिलेल्या सहा लाखांच्या हातउसन्याची नोंद, सही नसलेली.

कागदी शेअर आता डिमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून ते दार बंद झालं आहे. ज्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही, ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून परत मागायचे तर अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि भरपूर धीर लागतो. यांचे निम्मे शेअर तिकडे गेले होते. त्यात भर म्हणजे दोन मुलगे. धाकटा कॅनडात, थोरला कारखान्यात, आणि बहुतेक गुंतवणुकींवर नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव. त्याला मनापासून वाटत होतं, की नाव माझं म्हणजे पैसा माझा. नॉमिनी हा मालक होत नाही, वारसा हक्क वारसा कायद्यानेच किंवा मृत्युपत्रानेच ठरतो, हे शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पण हे सख्ख्या भावाला कसं सांगायचं, ते कोर्ट शिकवत नाही. मी आधी थोरल्याशी एकट्याशी बोलले, मग आईशी, मग रात्री उशिरा कॅनडात फोन. सोळा महिने गेले. शेवटची सही झाली त्या दिवशी बाईंनी तो डबा घासला आणि ओट्यावर उपडा घातला.

त्या सोळा महिन्यांत माझी या घरातून कमाई जवळजवळ नव्हतीच. पण असं काम करताना ज्याला कंटाळा येत नाही, त्या मुलाने या व्यवसायात जरूर यावं. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळूनही ज्याच्या तोंडून एक शब्द बाहेर जात नाही, त्याने तर यावंच.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. खोटं बोलावं लागतं की नाही, ते तुमचं मूल कुठल्या खुर्चीवर बसतं यावर ठरतं. खुर्ची ओळखायला एकच गोष्ट बघायची: त्याचा पगार शेवटी कुणाच्या खिशातून येतो? जो वितरक आहे, त्याला फंड कंपनी कमिशन देते. जो सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार आहे, तो ग्राहकाकडून फी घेतो. २०१३ च्या नियमावलीपासून ही वेगळी वाट कायद्याने आखली गेली, आणि एकाच ग्राहकाच्या बाबतीत फीही आणि कमिशनही असं त्याला चालत नाही. बँकेतला किंवा वेल्थ कंपनीतला आरएम पगारावर असला तरी त्याच्या पगाराच्या काही पट उत्पन्न त्याने आणावं अशी अपेक्षा असते, आणि ते उत्पन्न बहुतेक ठिकाणी विक्रीतूनच येतं.

नियम पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे झाले आहेत, हेही सांगायला हवं. मी लागले तेव्हा शेअरबाजाराशी जोडलेल्या फंडात शंभर रुपये घातले तर साधारण सव्वादोन रुपये आधीच कापले जात. १ ऑगस्ट २००९ पासून ते बंद झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने फंडावरचं एकरकमी आगाऊ कमिशनही थांबवलं. आता ग्राहक जितकी वर्षं पैसे ठेवील तितकी वर्षं थोडं थोडं मिळतं. म्हणजे ग्राहकाला टिकवून धरण्यात विकणाऱ्याचंही हित आलं. तरी मार्च एंड आला की काय होतं ते मी आतून पाहिलेलं आहे. ज्या वस्तूवर पहिल्या वर्षी जास्त मिळतं, तीच त्या महिन्यात सगळ्या ग्राहकांना ‘योग्य’ वाटू लागते. एका खासगी बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर पैसे बुडू शकतात असे कर्जरोखे, मार्च २०२० मध्ये शून्यावर आले, त्यात निवृत्त माणसांचेही पैसे होते. ठेवीसारखंच आहे, व्याज जरा जास्त, असं सांगून ते रोखे त्यांच्या गळी उतरवले गेले होते. सांगणारी मुलं पंचवीस-तिशीतली होती. तीही कुणाच्या तरी घरची हुशार मुलंच.

मी त्यांना नावं ठेवू शकत नाही, त्याचं कारण सांगते.

२००७ चा मार्च. मी एका बँकेच्या शाखेत होते, नोकरीचं चौथं वर्ष. एक निवृत्त मुख्याध्यापक ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन आले. शाखेवर युलिपचं टार्गेट होतं, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचं. तेव्हा त्यात पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा हिस्सा शुल्कातच जायचा. वर्षाला दीड लाखाचा हप्ता. गुरुजींना वाटलं, एकदाच भरायचे आहेत. त्यांच्या बोलण्यावरून ते मला कळलं, आणि मी गप्प राहिले. अर्जावर जिथे सही हवी तिथे आम्ही पेन्सिलीने फुली करून ठेवत असू. प्रत्येक फुलीपाशी त्यांनी संपूर्ण नाव लिहिलं, फळ्यावर लिहावं तसं वळणदार, एकाही सहीत घाई नाही. वर छापलेलं मात्र एक ओळही वाचलं नाही. माझ्यावर विश्वास होता ना.

म्हणून त्या आईला मी सांगितलं, की खोटं बोलावं लागत नाही हो. गप्प बसलं तरी काम होतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या हप्त्याची नोटीस घेऊन ते आले. तोवर २००८ चा बाजार कोसळायला लागला होता. मी सगळं खरं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “हे तू मला सांगितलंस म्हणून तुझ्या नोकरीला काही होणार नाही ना, बाळ?” भरलेल्यातलं फार थोडं त्यांना परत मिळालं. सप्टेंबर २०१० मध्ये युलिपचे नियम कडक झाले, शुल्कावर मर्यादा आली. गुरुजींना त्याचा काही उपयोग नव्हता.

पालकहो, या गोष्टीचा एक धागा तुमच्यापर्यंत येतो, तो मी मुद्दाम राखून ठेवला होता. त्या मार्चमध्ये, गुरुजी येण्याच्या दोन दिवस आधी, मी घरी फोन केला होता. बाबांना म्हटलं, मला हे असं विकणं जमत नाहीये. बाबा म्हणाले, “पोरी, फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो, एवढं लक्षात ठेव.” माझ्या पगाराच्या भरवशावर आम्ही डोंबिवलीला जागा घेतली होती. माझे वडील सरळमार्गी माणूस होते. आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. काळजीपोटीच बोलले ते. पण गुरुजींपुढे मी जेव्हा गप्प राहिले, तेव्हा बाबा काय म्हणाले होते तेच माझ्या डोक्यात होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. मूल या कामाला लायक आहे का, हे नंतर बघा. आधी तुमचं घर बघा. पहिली तीन वर्षं त्याच्या पगारावाचून, निदान त्याच्या बोनसवाचून, तुमचं चालेल का? नोकरी लागली की वर्षाच्या आत मोठा फ्लॅट, गाडी, बहिणीच्या लग्नाचं कर्ज असं सगळं त्याच्या नावावर चढवणार असाल, तर त्याला ‘हे मी विकणार नाही’ असं साहेबांना सांगता येणार नाही. सांगावंसं वाटेल, पण जीभ उचलणार नाही. घरात खर्च भागत असेल आणि आई-बाप म्हणत असतील, ‘नाही जमलं तर ये परत, बघू’, तर तोच मुलगा ताठ राहील. २०१४ साली मी फी घेऊन सल्ला देण्याकडे वळले तेव्हा पहिली तीन वर्षं कमाई निम्म्यावर आली होती. तेव्हा घराचं कर्ज फिटलेलं होतं म्हणूनच वळता आलं.

आणि तो शंभर नावांचा कागद. बऱ्याच ठिकाणी पहिल्या आठवड्यात नव्या मुलांच्या हातात एक कोरा कागद देतात, वर १ ते १०० आकडे. ओळखीच्या माणसांची नावं लिहा म्हणतात. मूल आज्ञाधारकपणे लिहायला बसतं: मामा, आत्या, सोसायटीचे सेक्रेटरी, बाबांचे ऑफिसातले मित्र, शाळेतल्या बाई. आकडा भरेना झाला की घरी फोन येतो, “आई, अजून नावं सांग ना.” आणि आपण कौतुकाने सांगतो! कृपा करून सांगू नका. नातेवाइकाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तो घेतो. न समजता घेतो. तोटा झाला की तो पैशांबद्दल बोलत नाही, लग्नाला यायचा बंद होतो. माझं सरळ सांगणं आहे, तीन वर्षं एकाही नातेवाइकाकडे जायचं नाही. चौथ्या वर्षी मामा स्वतः विचारायला आला तर गोष्ट वेगळी. आणि कौतुकापोटी स्वतःचे पीएफचे पैसे मुलाचं टार्गेट भरायला देऊ नका. असा खोटा भरलेला आकडा पुढच्या तिमाहीत दुप्पट होऊन समोर येतो.

तुमच्या मनातली दुसरी भीतीही मला ठाऊक आहे. जुलै २००१ मध्ये यूएस-६४ या सरकारी समजल्या जाणाऱ्या फंड योजनेची पुनर्खरेदी अचानक थांबली, तेव्हा आपल्याकडच्या किती मध्यमवर्गीय घरांत सुतक पडल्यासारखं झालं होतं. सरकारी म्हणून डोळे मिटून ठेवलेला पैसा. सप्टेंबर २०१९ मध्ये एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. अशा अनुभवांतून आलेली माणसं ‘पैशाचा धंदा नको’ म्हणतात, तेव्हा त्यांना मागासलेलं समजणाऱ्यांपैकी मी नाही. फक्त एवढंच म्हणेन, की आपण या कामापासून लांब राहिलो म्हणून पैसा बुडायचा थांबला नाही. विचारायला घरचं, जाणतं माणूस नव्हतं, म्हणून जास्त बुडाला.

आणि आता तर अशा माणसाची गरज गावोगाव आहे. मराठी माध्यमातली मुलं मला विचारतात, “मॅडम, मलबार हिलच्या लोकांशी इंग्रजीत कसं बोलायचं?” बोलायला येईल हळूहळू. पण पैसा आता तेवढ्यातच राहिला आहे का? दिंडोरी-पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, कोल्हापूरच्या शिरोलीतले फाउंड्रीवाले, हिंजवडीत जमिनी गेलेली घरं, ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी ज्यांची शेतं घेतली गेली ती कुटुंबं. यांतल्या कितीतरी घरांत एवढा पैसा पहिल्यांदाच आला. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी विकून मोकळं होण्याऐवजी एकत्र येऊन स्वतःचं शहर उभं केलं आणि त्यात भागीदार राहिले. सगळीकडे असं झालं नाही. मोबदल्याचा धनादेश वटला की दारात पहिला कोण येतो? गाडीवाला, मग दामदुपटीच्या योजनेवाला. त्या ओसरीवर बसून, चहा घेऊन, ‘काका, सहा महिने काहीच करू नका, पैसा बँकेत राहू द्या’ असं मराठीत सांगणारा मुलगा मला हवा आहे. तो साताऱ्यातूनच येणार.

मोबाइलवरची ॲप हे काम खाऊन टाकतील, असंही पालक म्हणतात. साध्या एसआयपी काढून देण्याचं काम बरंचसं खाल्लंच आहे. १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाशिवाय थेट फंड घेता येतो. पण कोथरूडला एकटे राहणारे आई-वडील, न्यू जर्सीला मुलगा, बंगळूरला मुलगी आणि गावाकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, हा गुंता ॲप सोडवत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते, कारण ती माहिती मिळवायला मुलं तुमच्यापेक्षा हुशार आहेत. सेबीने २००६ साली एनआयएसएम ही संस्था काढली, तिचं आवार आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. म्युच्युअल फंड वितरकाला तिची ५-ए ही परीक्षा लागते, सल्लागाराला १०-ए आणि १०-बी. पुढे आर्थिक नियोजनाचं सीएफपी, किंवा तीन पातळ्यांचं सीएफए. हे शेवटचं खडतर आहे, नोकरी सांभाळून वर्षं जातात. वाणिज्य शाखाच हवी असं नाही. मुलगी असेल तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी कंपनीला विचारायला सांगा: ग्राहकाच्या घरी भेटीला एकटीला पाठवतात, की कुणी सोबत असतं? यावर कंपनीकडून काय उत्तर येतं, ते नीट ऐका.

परीक्षेपेक्षा मला दुसरीच चाचणी जास्त खरी वाटते. ती घरी होते, फुकट होते. तुमचं कपाट त्याच्यासमोर उघडा. पॉलिसी, पावत्या, पासबुकं, घराचे कागद, सगळं. चार रविवार द्या. मग त्याला म्हणा, आता आईला समजावून सांग. कशावर कोणाचं नाव आहे, काय कमी पडतंय, आमच्यापैकी एकजण उद्या गेला तर दुसऱ्याने कुठे जायचं. तो कंटाळला तर कळेल. जड जड शब्द टाकून मोकळा झाला, तरी कळेल. आणि आईने तिसऱ्यांदा तेच विचारल्यावर त्याने पेन खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तर मला वाटतं तुम्ही त्याला अडवू नये.

साताऱ्याच्या त्या दोघांनाही मी हेच सांगितलं होतं. वडिलांनी फोल्डरच्या पाठीमागे हिशेब मांडला, कर्जाचे चौदा हप्ते राहिले होते. ते म्हणाले, “ते मी फेडीन. त्याच्या पगाराला हात लावायचा नाही.” आई काही बोलली नाही, तिने फक्त फोल्डर उचलून पिशवीत ठेवला. दोघं साताऱ्याची एसटी पकडायला स्वारगेटला गेली.

बाराव्या दिवशी वडिलांचा फोन आला. मुलाने होकार कळवला होता, पण ते सांगायला फोन नव्हता. म्हणाले, “ताई, त्याने रविवारी कपाट उघडलं. माझ्या एलआयसीच्या पॉलिसीवर वारस म्हणून अजून माझ्या आईचंच नाव आहे म्हणतो. ती जाऊन अठरा वर्षं झाली हो. हिचं नाव घालायला मी कधी गेलोच नाही.” मागून मुलाचा आवाज ऐकू येत होता. तो आईला विचारत होता, “तुझं आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे ना?”